ठिणग्यांतला धोंडू

लालबागच्या चाळीतली व्यायामशाळा गच्च भरली होती. दिवे मालवलेले. ज्योतीनाथ महाराजांच्या काळ्या काचेच्या पेटीत आधी एक ठिणगी उमटली, मग शेकडो. त्या भिरभिरल्या, घोंगावल्या आणि एकमेकींना बिलगत त्यांचा चेहरा झाला. धोंडूचा! गिरणीच्या संपात एका सकाळी घराबाहेर पडलेला आणि परत कधीच न आलेला धोंडू. गर्दीतून एक उसासा उठला.

"पुढे येऊ नका, आत्मा बुजतो!" महाराज गरजले. "पुतळाबाई, तुझा धनी मुक्ती मागतोय. उद्या इथेच सर्वांसमक्ष मंगळसूत्र उतरव. सोनं आश्रमाला, पुण्य तुला!"

पुतळाबाईने मान डोलावली. तिची लेक मंजुळा मात्र जागीच गारठली. फ्रॉकात असताना पाहिलेला तो चेहरा हळूच वळला, त्याच्यामागून ठिणग्याही वळल्या, आणि बाबा थेट तिच्याकडे बघू लागले. खोटं आहे हे कळत असूनही तिच्या तोंडून "बाबा" निघून गेलं. स्वतःचाच तिला भयंकर राग आला.

कारण असलं काम तर तिचं रोजचंच! परळच्या एका स्टुडिओत ती जाहिरातींसाठी कॉम्प्युटरवर असल्याच ठिणग्या साबणाच्या वडीमागे पळवायची. तिने डोळे पुसून नीट पाहिलं. पेटीतल्या चेहऱ्याच्या गालावर तिरकी रेघ होती. बाबांच्या गालावर कसलाच व्रण नव्हता. घरातला त्यांचा एकुलता एक फोटो मात्र नेमका तिथे दुमडलेला होता, आणि तो आठवडाभर 'पूजेसाठी' महाराजांकडे होता.

दुसऱ्या दिवशी महाराज यायच्या आत मंजुळाने व्यायामशाळेत जमलेल्या लोकांसमोर टीव्ही आणि व्हिडिओ लावून रात्रभर स्टुडिओत बसून बनवलेली स्वतःची कॅसेट घातली. ठिणग्या भिरभिरल्या आणि शेजारच्या कोंडीरामकाकांचा चेहरा झाला. काका पुढेच चहा पीत बसले होते.

"अगो, मी जितो आसंय मां!" ते किंचाळले.

"तेच तर, काका! तुमचा फोटो मी कॉम्प्युटरला दिला. प्रत्येक ठिणगीला तुमच्या चेहऱ्यावरची एकेक जागा नेमून दिली. चेहरा हलवला की ती आपल्या जागेमागे धावते. त्या काचेमागे दुसरं काय असणार?"

काकांनी कालपासून तिथेच असलेल्या महाराजांच्या पेटीची मागची फळी उचकटली. आत टीव्ही आणि व्हिडिओ. तेवढ्यात दारात आलेले महाराज असे मागे फिरले की पादुका उंबऱ्यातच राहिल्या. सगळे खदाखदा हसले.

पुतळाबाई हसली नाही. "म्हंजे ते गेले, की खंय तरी जिते आसत, ह्या कोणाकच म्हायत नाय?"

"नाय, आये."

याहून महाराजांचं खोटं सोपं होतं. मंजुळाला आईकडे बघवेना.

"तेंची कॅसेट लाव गो," पुतळाबाई म्हणाली. "खोटा आसा ता माका म्हायत आसा. तरी तेंका बघूचा आसा."

मंजुळाने पेटीतली ती बाबांच्या चेहऱ्याची कॅसेट लावली. मायलेकी हात धरून बघत राहिल्या. रडू यावं, जरूर यावं. हरवलेलं माणूस आपण चित्रातही शोधतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त त्या रडण्याचं कोणी मोल मागू लागला, तर आधी त्याची पेटी उघडून बघावी.