नाक्यावरची पंगत

"हाज्जा, आजपासून शाळेतल्यांना काही द्यायचं नाही," असं कॅप्टन मुतवक्किल म्हणाला तेव्हा सित्ताना ज्वारीचं पीठ चाळत होती. तिने मान वर केली नाही. चाळणी तशीच हलत राहिली.

"शाळेतल्यांना म्हणजे कोणाला?"

"उगाच वेड पांघरू नका. पश्चिमेकडून पळून येऊन शाळेत राहिलेल्या बायका. त्यांचे नवरे, भाऊ कोणाच्या बाजूने लढतायत ते गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल."

"त्या बायका लढतायत का?"

"त्यांनी खाल्लेला घास शेवटी तिकडेच पोचतो."

"पोटातून? हा रस्ता मला ठाऊक नव्हता हो."

कॅप्टनच्या मागे उभा असलेला शिपाई हसू दाबायला खोकला. रमजानचे दिवस, दुपारची वेळ. सगळ्यांचेच ओठ सुकलेले. चुलीपाशी इहसान मोठ्या पातेल्यात भेंडीचं कालवण ढवळत होती. ती हसली नाही. मागच्या वर्षी हा मोहल्ला पलीकडच्यांच्या ताब्यात होता, तेव्हा पाणी आणायला गेलेला तिचा मुलगा, मुअताज, त्यांच्या गोळीने गेला होता. नेमकं तेच कॅप्टनने पुढे केलं.

"मला नका विचारू. या इहसानखालाला विचारा. तिचा मुलगा कोणी मारला?"

"माझ्या पोराचं नाव तुझ्या तोंडी नको," इहसान म्हणाली आणि पुन्हा ढवळू लागली.

सित्तानाने चाळणी खाली ठेवली. तिचा आवाज मुळातच हळू. तो ऐकायला समोरच्याला थोडं वाकावं लागे. "मुतवक्किल, गेल्या रमजानला त्यांचाही एक साहेब आला होता. तू उभा आहेस तिथेच उभा राहिला. म्हणाला, सरकारी सैनिकांच्या घरच्यांना जेवू घालायचं नाही. तुझी आई तेव्हा रांगेत होती, हातात डबा घेऊन. मी तिच्या डब्यात वाढलं, तशी त्याने लाथेने माझी चूल विस्कटली. तो गेल्यावर मी पुन्हा पेटवली. आता तू सांग, तुझं ऐकायचं तर तेव्हा त्याचं का नाही ऐकलं?"

कॅप्टनची मान क्षणभर खाली गेली. पण लाजलेला माणूस कधी कधी जास्तच कडक होतो. "पिठाची लॉरी माझ्या नाक्यावरून येते, हाज्जा. तेवढं ध्यानात ठेवा," म्हणाला आणि निघून गेला.

ही चूल सित्तानाच्या सासरच्या पीरबाबांची. तकिया म्हणत सगळे तिला. आलेल्याला नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, पानात वाढायचं, एवढाच तिथला नेम. लग्न होऊन आली त्या वर्षी सासूने तिच्या हातात डाव दिला आणि हा नेम दिला. तेव्हापासून पहाटेच्या नमाजानंतर चुलीला लाकूड लावल्याशिवाय तिने पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. शहरात तोफा सुरू झाल्या, अर्धा मोहल्ला पळाला, तरी नेम चुकला नाही.

त्या संध्याकाळी शाळेतल्या बायका नेहमीसारख्या आल्या आणि नेहमीसारखं घेऊन गेल्या.

लॉरी आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. ती नाक्यावर उभी आहे, ताडपत्रीखाली पोती आहेत, हे सगळ्यांनी जाऊन पाहिलं. तकियातली कणगी तळाला गेली, तशी माणसांची बोलणी वर आली. शुकरी शिंप्याने तर अंगणात येऊन तोंड सोडलं.

"हट्ट तुमचा आणि उपाशी आमची पोरं! शाळेत आहेत किती घरं? मूठभर. त्यांच्यापायी सगळा मोहल्ला मारणार का, हाज्जा?"

"तू काय करशील माझ्या जागी?"

"हो म्हणेन त्याला. आणि मग मागच्या दाराने, गुपचूप, शाळेत एक पातेलं पोचवीन. साप मेला नाही तरी चालेल, चावायचा तर थांबेल."

बोलणं सोपं होतं आणि खोटंही नव्हतं. सित्तानाला भीती वाटत नव्हती असं नाही. नमाजात बसलं तरी डोळ्यांसमोर रिकामी कणगी येई.

"शुकरी, मागच्या दाराने दिलं की मीच कबूल केल्यासारखं होईल," ती म्हणाली, "की पुढच्या दाराने यायचा त्यांना हक्क नाही. आज त्यांचा नाही. उद्या मोहल्ला पुन्हा पालटला की तुझा नाही. मग तू येशील का मागच्या दाराने?"

शुकरी पुटपुटतच अंगणाबाहेर पडला.

तो गेल्यावर इहसान म्हणाली, "मला विचारशील तर मी त्यांना घासही देणार नाही. त्यांच्यातली ती कल्तूमा दिसली की माझ्या अंगाची आग होते. तिचा भाऊ तिकडे आहे."

"मग तू घरी जा. मी नाही म्हणणार नाही."

"आणि उकड कोण करेल? तू? तुझ्या उकडीत गुठळ्या होतात गुठळ्या. पीरबाबा कबरीतून उठून बसतील."

सित्ताना पहिल्यांदाच हसली. मग कणगीत वाकून पाहिलं. "एका वेळचं पीठ आहे. उद्या ते सगळं शिजव. आणि शुकरीला सांग, मोहल्ल्यातल्या सगळ्या चटया गोळा कर. उद्याची पंगत नाक्यावर."

ऐकलं तेव्हा शुकरीने कपाळावर हात मारला, आणि मग त्याच हाताने मांडीवर थाप मारली. रमजानमध्ये सूर्य बुडायच्या वेळेला रस्त्यात चटया घालायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून रोजा सोडायला बसवायचं, ही त्यांच्याकडची जुनी रीत. बसगाड्या थांबवतात, नाही म्हणणाऱ्या ड्रायव्हरची किल्ली काढून घेतात. त्या वेळी पंगत ओलांडून गेलेल्या माणसाची आयुष्यभर थट्टा होते. "पंगत उठवली तर अख्खा सुदान हसेल त्याला," शुकरी म्हणाला आणि स्वतःच्या दुकानातली चटई आधी उचलली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरलं तसा सगळा मोहल्ला नाक्यावर आला. आडव्या दांडीच्या अलीकडे, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चटया पसरल्या. एरवी बायका घरात जेवत. त्या दिवशी त्यांनीही शेजारी चटई घातली. मोठ्या परातींत ज्वारीची उकड, मधल्या खळग्यात वाळल्या भेंडीचं कालवण. शाळेतल्या बायका आल्या. कल्तूमा आपल्या आंधळ्या बापाचा हात धरून आली आणि कडेला बसू लागली, तशी सित्तानाने तिला मधे सरकवलं.

दांडीपाशी उभे शिपाई परातींकडे बघत होते. त्यांचाही दिवसभराचा उपास होता.

जीप आली. कॅप्टन उतरला. "हे काय चाललंय?"

"इफ्तार," शुकरी म्हणाला. "या, बसा. आज सुटका नाही."

"रस्ता मोकळा करा!"

"बांग व्हायला आली, लेकरा," सित्ताना म्हणाली. "या वेळी रस्ता मोकळा करायचा नसतो. अडवायचा असतो."

कोणीतरी हसलं. कॅप्टनने पंगतीवरून नजर फिरवली. ती कल्तूमाच्या बापावर थांबली. "ठीक. मी बसतो. आधी या शाळेवाल्यांना उठवा."

तेवढ्यात मशिदीतून बांग आली. एरवी त्या आवाजासरशी शंभर हात खजुरांकडे जातात. एकही गेला नाही. आंधळा म्हातारा उठण्यासाठी जमीन चाचपू लागला.

इहसान उठली. तिने एक परात दोन्ही हातांनी उचलली, चालत गेली आणि म्हाताऱ्याच्या पुढ्यात आदळली. कालवण काठावरून सांडलं.

"बसा खाली," ती त्याला म्हणाली. मग कॅप्टनकडे वळली. "या बाईचा भाऊ तिकडे आहे. त्यानेच माझ्या मुअताजवर गोळी झाडली असेल, काय सांगावं. मी हिला माफ केलेलं नाही. करणारही नाही. पण ही उकड मी ढवळलीय, मुतवक्किल. माझ्या पानावरून माणूस उठवायचा हक्क मी तुला दिलेला नाही. माझ्या पोराचं नाव पुढे करून तर मुळीच नाही."

ती तिथेच मांडी घालून बसली. कल्तूमाकडे पाहिलं नाही. बिसमिल्ला म्हणून त्याच परातीत हात घातला आणि घास तोंडात टाकला. समोरून म्हाताऱ्याचा चाचपडता हात आला, तेव्हा तिने कालवण त्याच्या बाजूला लोटलं.

मग पंगत जेवू लागली. नाक्यावरच्या एका शिपायाने बंदूक लॉरीच्या चाकाला टेकवली, हात धुतले आणि शुकरीच्या शेजारी बसला. पाठोपाठ दुसरा. लॉरीचा ड्रायव्हर तर कधीच येऊन बसला होता.

कॅप्टन एकटा उभा. सित्तानाने मोड आलेल्या ज्वारीच्या तांबड्या सरबताचा वाडगा त्याच्यापुढे धरला. "रोजा सोड. भांडण जेवल्यावरही करता येतं."

त्याने उभ्यानेच वाडगा रिकामा केला. "लॉरी सोडणार नाही मी."

"बरं. मग उद्याही पंगत इथेच."

"कशाची? पीठ संपलंय तुमचं. मला ठाऊक आहे."

"पाण्याची. पाण्यावरही रोजा सुटतो. चटया मात्र उचलणार नाही आम्ही. तुझ्या गाड्या कुठून न्यायच्या ते तू बघ."

नमाज तिथेच, रस्त्यावरच झाला. नमाजानंतर कोणी उठलं नाही. शाळेतल्या बायका उठल्या नाहीत, मोहल्ल्यातल्याही नाहीत. इहसान रिकामी परात मांडीवर घेऊन बसून राहिली. मागे लष्कराची एक गाडी येऊन थांबली, तिने भोंगा वाजवला आणि मग तीही गप्प झाली.

लॉरीच्या ड्रायव्हरने हात पुसले, वर चढला आणि इंजिन चालू केलं. जेवून उठलेला शिपाई दांडीपाशी जाऊन कॅप्टनकडे बघत राहिला. कॅप्टन हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. सिगरेट पेटवून त्याने पाठ फिरवली. शिपायाने आणखी थोडी वाट पाहिली आणि दांडी वर केली.

तेव्हा कुठे शुकरीने लॉरीपुरती मधली चटई गुंडाळली. "आधी आमच्या गल्लीत घे रे!" तो ड्रायव्हरला ओरडला.

"तकियाच्या दारात," सित्ताना म्हणाली. "पुढच्या."

कॅप्टन न वळताच बोलला, "हाज्जा, हे इथे संपलं असं समजू नका. उद्या मी पुन्हा येईन."

"ये की. फक्त बांगेच्या आधी ये," तिने परात उचलून डोक्यावर घेतली. "उशिरा येणाऱ्याला कालवण उरत नाही."