काळी केळी कुठे गेली?

मी एक पासवर्ड बोलतोय. दचकू नका! आता निवृत्त झालोय, म्हणून तोंड उघडतोय. नोकरीत असताना हूं की चूं केलं नाही.

माझा जन्म ताईंच्या वाचा-उपचार केंद्रात झाला. दोन छोट्या खोल्या, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना फोम. बोबड्या, अडखळणाऱ्या माणसांना ताई बोलतं करायच्या. स्वभावानं प्रेमळ, पण उच्चाराच्या बाबतीत भारी खडूस! कुणी ‘ळ’चा ‘ल’ केला की संपलंच. प्रत्येकाकडून त्या एकच वाक्य घोकून घ्यायच्या, “काळी केळी कुठे गेली?” तेच वाक्य इंग्रजी अक्षरांत, सलग लिहिलेलं, म्हणजे मी.

ताईंनी मला तोंडी सांगितलं आणि टाइप केलं त्यांच्या नवरोबांनी. सायकली दुरुस्त करणारा मोकळाढाकळा माणूस. कॉम्प्युटरनं मला लक्षात ठेवलं, त्यामुळे पुन्हा टाइप करायची वेळ कुणावर आलीच नाही.

माझं काम काय? ताईंच्या सगळ्या रेकॉर्डिंगची जादा प्रत, म्हणजे बॅकअप, कपाटातल्या एका डिस्कवर असायची. ती साधीच ठेवली तर डिस्क चोरणाऱ्याला पेशंटचं खासगी बोलणं आयतं ऐकायला मिळेल. म्हणून एका लांबलचक गुप्त किल्लीनं त्या प्रतीची पार खिचडी करून टाकलेली. ती किल्ली डिस्कमध्येच कुलूपबंद, आणि त्या कुलपाला फक्त मी लागायचो. एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तर डिस्क बनवणाऱ्यालाही काही करता येणार नाही. केवढा माझा तोरा!

मग आले लिलाववाले काका. भाजीबाजारात लिलाव पुकारण्यात अख्खा जन्म गेलेला. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज कायमचा जाणार होता. म्हणून ताईंनी आधीच त्यांच्याकडून ढीगभर वाक्यं बोलून घेतली. तो आवाज एका यंत्रात भरायचा, मग काकांनी टाइप करायचं आणि यंत्रानं काकांच्याच आवाजात बोलायचं, असं ठरलं.

ऑपरेशन झालं. काका-काकू यंत्र न्यायला आले आणि नेमका त्याच सकाळी ताईंचा कॉम्प्युटर बंद पडला, तो पडलाच.

“बॅकअप आहे ना, काळजी नको,” म्हणत ताईंनी दुसऱ्या कॉम्प्युटरला डिस्क जोडली आणि मला टाइप केलं. ‘पासवर्ड चुकीचा.’

पुन्हा. चुकीचा. ‘का’ला एक ए देऊन पाहिला, दोन देऊन पाहिले. ताईंना दरदरून घाम फुटला. काकू हळूच म्हणाल्या, “ताई, ह्यांचा आवाज दुसऱ्यांदा गेला का हो?”

मला इतकी लाज वाटली! कुलूप माझंच होतं ना.

ताईंनी नवरोबांना फोन लावला. “अरे, तू काय टाइप केलं होतंस?”

“तू सांगितलंस तेच!”

“आधी इकडे ये बघू!”

नवरोबा ग्रीसचे हात पुसत आले आणि टाइप करायला बसले.

“थांब, थांब! ‘ल’ला छोटा एल, ‘ळ’ला मोठा एल हवा ना!” ताई ओरडल्या.

“मोठा कशाला?” नवरोबा निरागसपणे म्हणाले. “काली केली कुठे गेली. ल तो ल!”

आणि डिस्क उघडली.

ताईंनी कपाळावर हात मारला. “जगाचा ‘ळ’ सुधारला मी, घरचा तेवढा राहिला!” काकांच्या तोंडून आवाज निघत नव्हता, पण पोट धरून असे हसले की खुर्ची हलायला लागली.

दुपारी यंत्र तयार झालं. काकांनी एकेका बोटानं टाइप केलं आणि खोलीत तो बाजार गाजवणारा आवाज घुमला, “अगं, रडतेस काय? घरी चल! एक वार, दोन वार...”

“तीन वार!” काकू डोळे पुसत म्हणाल्या आणि पर्स उचलून उभ्या राहिल्या.

मी त्याच दिवशी निवृत्त झालो. चौघांनी ऐकलेला पासवर्ड काय कामाचा? माझ्या जागी नवा आलाय, तो ताई आणि नवरोबा दोघांनीही स्वतः टाइप करून, डिस्क उघडून पाहिलाय.

तुम्हीही तुमचा बॅकअप एकदा उघडून बघा बरं. तुमच्याकडेही जपलेला कुणाचा तरी आवाज असेलच. आणि हो, ‘ळ’चा एल मोठा की लहान, ते घरात आधी ठरवा!