फासळ्यांवरची नागीण

तोरुनच्या डाव्या फासळ्यांखाली आग पडली होती. सदरा टेकला तरी जीव जायचा. तिला वाटलं, धिप्पाड हाल्वोर्सन आजोबांना उचलताना बरगडीत उसण भरली असेल. नॉर्वेतल्या ओलेसुंडला घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी ही नर्स. स्वतःकडे बघायला फुरसत कुठली! पुरळ उठलं तेव्हा कुठे ती डॉक्टरांकडे गेली.

"नागीण आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कांजिण्यांचा विषाणू लहानपणापासून अंगात दडून असतो. ताणानं ताकद खचली की डोकं वर काढतो. झोप कशी आहे?"

"झोप? ती काय असते?"

गोळ्या मिळाल्या, रजा मिळाली आणि सल्ला मिळाला: ताण कमी करा.

सल्ले तर सगळ्यांकडेच होते. बहीण फोनवर म्हणाली, "अगं, रोज गार समुद्रात डुंबत जा."

"अंगावर फोड आलेत माझ्या, आणि तू मला खाऱ्या पाण्यात ढकलतेस?"

मग साहेबांचा, गायरचा फोन. "कामावर आलीस की ताण घालवायच्या श्वासाच्या वर्गाला बस हं. जेवणाच्या सुट्टीत ठेवलाय."

"मग जेवायचं केव्हा?"

"बघ, लगेच चिडतेस. म्हणूनच सांगतोय."

तोरुननं फोन सोफ्यावर आपटला. बरोबरच्या दोघीजणी नोकरी सोडून गेल्या, त्यांची घरं हिच्या गळ्यात पडली. गाडी चालवता चालवता पाव कोंबायचा, लघवी दाबून धरायची, आणि दोष म्हणे हिच्या श्वासाचा!

फोडांवर खपल्या धरल्यावर ती तडक गायरसमोर उभी राहिली. "माझी जुनी घरं करीन. गेलेल्यांची करणार नाही."

"माणसं कुठून आणू मी?"

"ते तू बघ. नाहीतर डॉक्टर आणखी रजा द्यायला तयार आहेत. मग सगळीच घरं सांभाळ."

गायरनं कुरकुरत जादाची निम्मी घरं काढून घेतली. निम्मीच.

तरी फरक पडला. तोरुन आता बंदरापाशी गाडी लावून दोन घास निवांत खाते. झोपही लागते. बरगडीत अधूनमधून कळ येते, ती जायला वेळ लागेल म्हणे.

पण परवा तिच्या बरोबरची इंगेर म्हणाली, "हल्ली छातीत धडधडतं गं. तुझ्याकडून काढलेली ती घरं गायरनं माझ्यावर टाकलीत ना."

तोरुनचं डोकंच फिरलं. "आधी डॉक्टरांना दाखव," ती म्हणाली. "मग गायरकडे जाऊ. दोघी."