भागोजीकाका आत आहेत

नाटे बंदराकडच्या एका मच्छीमार सोसायटीत दर शनिवारी दुपारी होड्यांच्या नोंदींची फाईल साफ करायचं काम मृणालीकडं. तिन्ही कॉम्प्युटरवर फाईल एकच. कोणी फाईल उघडून आत असताना सफाई चालवली, तर पाच वर्षांच्या नोंदींचं वाटोळं. तिनं आधी कॉपी काढली, सगळ्यांना बाहेर पडायला लावलं, तरी आत असलेल्यांच्या यादीत एक नाव राहिलंच: भागोजी.

कारकून भागोजीकाका तर गणपतीतच वारले होते.

"विनोद, काकांच्या नावानं तू बसलायस काय रे?" तिनं शेजारच्या टेबलाकडं वळून विचारलं.

"मी नाय गो. माझं मशीन कवाच बंद हाय."

मृणालीनं काकांचं मशीन पाहिलं, तेही बंद. मग तिला आठवलं, काका निघताना दारात थांबून "येतो गो" म्हणायचे, आणि कोणी "या" म्हटल्याशिवाय पायरी उतरायचे नाहीत.

ती हळूच म्हणाली, "काका, या."

नाव गेलं. सफाई नीट झाली.

सोमवारी तिनंच ऑफिसचं कुलूप काढलं, फाईल उघडली, तर यादीत भागोजी तिच्या आधी हजर. "या" म्हटलं होतं, ते आले. आता "जा" म्हणायला हवं होतं, पण जाणाऱ्याला "जा" म्हणायला तिची जीभ रेटेना.

"बसा काका," ती म्हणाली, "शनिवारी तेवढे बाहेर पडा हां."