चोपन्न किलो तीनशे

वजन स्थिर राहिलं तर माणूस जगतो, असं संचालकांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढायला घेतल्या. दुसरी रेघ निम्म्यावर असताना पेन वाळलं. त्यांनी ते झटकलं, पुन्हा घासून पाहिलं, शेवटी उरलेली रेघ नुसत्या बोटाने पुरी केली आणि ते श्रोत्यांकडे वळले.

"हे आपण शोधलेलं नाही," ते म्हणाले. "यंत्राने शोधलंय. आपण फक्त निमित्त."

निमित्तांनी टाळ्या वाजवल्या. कर्करोगाच्या या संशोधन संस्थेत गेली काही वर्षं जुन्या रुग्णांच्या नोंदी यंत्राला भरवणं चालू होतं. रक्ताचे अहवाल, गाठींची छायाचित्रं, वय, वजन, जे सापडेल ते. एवढं सगळं खाऊन यंत्राने सांगितलं, की कोण जगेल हे ओळखायची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे वजन. ते ज्यांचं हलत नाही ते रुग्ण मरत नाहीत. म्हणजे त्यांना सौम्य उपचार पुरेत. जालीम औषधं बाकीच्यांसाठी. काही नव्या रुग्णांवर या सल्ल्याप्रमाणे उपचारही सुरू झाले होते. प्रायोगिक म्हणून.

तिसऱ्या रांगेत बसलेली संख्याशास्त्रज्ञ इतरांपेक्षा जरा जास्त वेळ टाळ्या वाजवत राहिली. संस्थेत तिला आकडेवाल्या बाई म्हणत. त्या नव्या रुग्णांतली एक तिची मावशी होती.

मावशीने तिला लहानाचं मोठं केलं होतं आणि तसं केल्याचं ती दर आठवड्याला बोलून दाखवी. टपाल खात्यात पार्सलांच्या खिडकीवर तिची सगळी नोकरी गेली होती. निवृत्तीच्या दिवशी खात्याने शाल दिली. ती तिने साहेबांच्या बायकोला देऊन टाकली आणि बदल्यात खिडकीवरची जुनी पितळी वजनं मागून घेतली. लाकडी ठोकळ्यात चढत्या क्रमाने खड्डे आणि प्रत्येक खड्ड्यात त्याचं त्याचं वजन. ठोकळा आता बैठकीच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर असे.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?" त्या संध्याकाळी मावशीने विचारलं. ती घरातही कोट घालून बसली होती. हल्ली तिला सारखी थंडी वाजायची.

"तू जगणार म्हणतंय."

"त्याला कुणी विचारलं होतं?"

"मी."

"मग ठीक आहे." मावशीने कोटाची कॉलर वर केली. "ते जोरदार औषध नको बाई. शेजारणीला दिलं तर तिचे केस गेले, नखं गेली, वर स्वभाव होता तसाच राहिला. वजन तेवढं हलू द्यायचं नाही ना? मी नाही हलू देत."

भाची हसली. उठून पडदा ओढताना तिला दिसलं, की ठोकळ्यातला दोनशे ग्रॅमचा खड्डा रिकामा आहे.

"हे कुठं गेलं?"

"असेल इथंच. घरातल्या वस्तूंना पाय फुटलेत. मला फुटले असते तर बरं झालं असतं."

शोधनिबंधासाठी संचालकांना एक चेहरा हवा होता. "बिननावाचा चालेल," ते म्हणाले, "पण वाचणाऱ्याला आधार वाटला पाहिजे. सर्वांत छान जगलेली एक बाई काढा." म्हणून आकडेवाल्या बाईंनी यंत्राचे लाडके रुग्ण ओळीने लावले आणि पहिला उघडला.

पहिली एक स्त्रीच होती. वजन चोपन्न किलो तीनशे ग्रॅम. पुढच्या तपासणीला चोपन्न किलो तीनशे. त्याच्या पुढच्याला तेच. हिवाळे गेले, उन्हाळे गेले, आजार झाला, उपचार संपले, बाई चोपन्न किलो तीनशे. रक्तातलं लोहसुद्धा इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. पडद्यावर तिच्या वजनाची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवी गेली होती. इतकी सरळ रेघ बाईंनी पूर्वी एकदाच पाहिली होती, आईच्या उशाशी, आणि ती वजनाची नव्हती.

त्यांनी तो पडदा बंद केला. मग मावशीचा उघडला. तिचीही रेघ सरळच होती, पण छोटी. तीही बंद केली आणि त्या पाठपुरावा कक्षात गेल्या.

कक्षातला कारकून डबा खात होता.

"रुग्ण तपासणीला आला नाही तर काय करता?"

"फोन करतो. म्हणजे आम्ही नाही, यंत्र करतं. बाईचा आवाज आहे, छान आहे. बरे आहात का विचारते."

"आणि वजन?"

"ते फोनवर कसं कळणार? मागचं असतं तेच पुढे ओढतो. जागा रिकामी ठेवली तर तुमचं यंत्र रुसतं."

"फोन लागलाच नाही तर?"

"तरी तेच." त्याने घास संपवला. "मेल्याचं कुणी कळवलं नाही तोवर माणूस आपल्याकडे जिवंत. दुसरं काय धरणार?"

बाईंनी टेबलावरची टाचण्यांची डबी उगाचच सरळ केली.

"पण तुमची ही चोपन्नवाली पक्की आहे हं," कारकून पडद्याकडे बघून म्हणाला. "हिच्या घरून दर वेळी उत्तर येतं. बरी आहे म्हणून."

बाईंनी श्वास सोडला. निदान ही एक. ही एक चालती-बोलती निघाली, तर ढोबळ का होईना, गोष्ट खरी असणार होती. आणि मावशीला जालीम औषध लागणार नव्हतं.

रुग्णाचा पत्ता कुणालाही द्यायचा नाही असा नियम होता. कारकुनाने तो नियम अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवला आणि पत्ता लिहून दिला.

दार उघडणारे गृहस्थ उंच होते आणि त्यांनी आधी तिच्या मागे रस्त्याकडे डावी-उजवीकडे पाहिलं. मोटार चालवायला शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. गल्लीत त्यांना अजून मास्तर म्हणत. ती संस्थेतून आली आहे हे कळल्यावर त्यांनी तिला बसवलं, समोर स्वतः बसले, आणि त्यांचा उजवा पाय जमिनीवर हलकेच दाबला गेला.

"चौकशीच करायची होती," ती म्हणाली. "तुमच्या मिसेसची. सगळ्यांत चांगली प्रगती त्यांची आहे."

"हो का?"

"आमच्याकडे पहिला नंबर आहे त्यांचा."

"तिला कधी पहिला नंबर मिळाला नव्हता," मास्तर म्हणाले. "माझ्याकडे गाडी शिकली. चारदा नापास. चौथ्यांदा तर परीक्षकच उतरून चालत गेला."

ती हसली. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत पलंगाचा एक कोपरा दिसत होता आणि त्यावर घट्ट, सुरकुतीही न पडलेली चादर.

"आहेत का आत? दोन मिनिटं भेटले असते."

पाय पुन्हा दाबला गेला. या वेळी जरा जोरात. तिच्या लक्षात आलं, की शिकवणाऱ्याच्या बाजूला वेगळा ब्रेक असतो, त्याची ती सवय होती.

"आजाराच्या दुसऱ्या हिवाळ्यातच गेली ती," मास्तर म्हणाले.

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. मास्तरांनी ती पूर्ण मागे जाईपर्यंत कान दिला.

"पण फोनवर तुम्ही..."

"हो. ती विचारते, 'आपल्या घरातील रुग्ण बरे आहेत का?' मी बरी आहे म्हणतो. मग ती म्हणते, 'ऐकून आनंद झाला.'"

"ते यंत्र आहे काका."

"माहीत आहे की. म्हणून तर. माणसाशी मला खोटं बोलवत नाही."

मास्तर पुढे बोलले.

"नातेवाईक आता तिचं नाव काढत नाहीत. मला वाईट वाटेल म्हणून. मुलगा हवापाण्याचं बोलतो. वर्षातून दोनदा एवढी एकटीच विचारते. सुरुवातीला गेली म्हणायला जीभ रेटली नाही. मग आनंद झाला म्हणाली, तर म्हटलं, असू दे. कुणाला तरी झाला." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुमच्या इथं ती बरी असली तर कुणाचं काही बिघडतं का?"

"बिघडतं."

"कुणाचं?"

"तुमच्या मिसेस बऱ्या आहेत म्हणून काही जणांना कमी औषध चाललंय." तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "माझ्या मावशीलाही."

मास्तरांचा पाय खाली गेला आणि तिथेच राहिला. पुष्कळ वेळ.

"हे आधी सांगायचं नाही का," ते शेवटी म्हणाले. "मग खोडा तिला. काय लागतं? दाखला? देतो." ते उठले, आणि अर्ध्या वाटेत थांबले. "किती आहे हो तिचं वजन? तुमच्याकडे?"

"चोपन्न किलो तीनशे."

"शेवटी माझ्या एका हातावर यायची," मास्तर म्हणाले आणि दाखला आणायला आत गेले.

दारात निरोप घेताना त्यांनी पुन्हा रस्त्याकडे दोन्ही बाजूंना पाहिलं. "तो फोन तेवढा बंद करू नका," ते म्हणाले. "आता खरं सांगेन मी. पण विचारू दे तिला."

फोन बंद करायचा की चालू ठेवायचा हे वेगळ्या खात्याकडे होतं. बाई बघते म्हणाल्या.

बाकीच्या लाडक्या रुग्णांचा शोध घ्यायला काही आठवडे गेले. काहींच्या घरी फोनच उरला नव्हता, काहींच्या घरी घर. एक जण नदीपलीकडे राहायला गेला होता आणि मस्त जाडजूड झाला होता. त्याला वजनाचं विचारलं तर रागावला. उरलेले बहुतेक कधीचेच गेले होते आणि संस्थेच्या पडद्यांवर आपापलं वजन सांभाळून होते. यंत्राने खोटं काही सांगितलं नव्हतं. ज्यांचं वजन हलत नाही ते मरत नाहीत, हे त्याने पाहिलं होतं ते मेलेल्यांत.

खऱ्या नोंदी भरून यंत्राला पुन्हा शिकवलं, तेव्हा त्याने वजनाला पहिल्यावरून उचलून शेवटच्या खुणांत, रक्तगटाच्या शेजारी नेऊन ठेवलं.

संचालकांनी तिचा कागद दोनदा वाचला.

"इतकी माणसं एकदम गेली?" त्यांनी विचारलं.

"एकदम नाही सर. आपल्याला एकदम कळलं."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, नव्या रुग्णांचे उपचार बदलावे लागतील, डॉक्टरांना आजच कळवा. आणि फळा पुसायला सांगा. फळा पुसला गेला. पण वाळक्या पेनाने घासलेली ती रेघ पुसली जाईना. दुसऱ्या दिवशीच्या सभेत तिच्यावर कॅलेंडर टांगलं होतं.

मावशीला सांगायचं काम डॉक्टरांचं होतं. आकडेवाल्या बाईंनी ते मागून घेतलं.

वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली. जालीम औषध घ्यावं लागेल. केस पुन्हा येतात. यंत्र चुकलं, पण तुझं वजन खरंच टिकलंय. तुझं कुणी मागून पुढे ओढलेलं नाही. दर महिन्याला तू स्वतः काट्यावर उभी राहिली आहेस. म्हणजे अंगात ताकद आहे, औषध सोसेल. या शेवटच्या वाक्यावर त्यांची सगळी भिस्त होती. डॉक्टरांचीही. औषधाची मात्रा ते वजनावरूनच ठरवणार होते.

दार मावशीनेच उघडलं. ती नुकतीच तपासणीहून आली होती आणि खुशीत होती.

"नर्स म्हणाली, अशी पेशंट बघितली नाही," ती म्हणाली. "काटा जागचा हलला नाही. एका रेघेचा फरक नाही. घे, सांग तुझ्या यंत्राला."

"कोट काढायला सांगत नाहीत का गं?"

"थंडी वाजते म्हटलं की नाही सांगत. म्हाताऱ्या माणसाचं ऐकतात तिथं. बस, चहा टाकते."

कोट उतरवून ती स्वयंपाकघराकडे गेली. कोटाशिवाय ती पाठमोरी दिसली तेव्हा भाचीला क्षणभर वाटलं, दुसरंच कुणी घरात आहे, कुणीतरी लहान.

"ठमे, साखर किती?"

"नेहमीची," भाची म्हणाली.

कोट खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. खिडकी उघडी होती, वाऱ्याने पडदा आत-बाहेर करत होता, वर्तमानपत्राचं पान फडफडत होतं. कोट हलत नव्हता. त्याचे दोन्ही खिसे सरळ खाली ओढले गेले होते आणि त्यांच्या भाराने कोटाचे खांदे खुर्चीच्या पाठीवर ताणले होते.

भाची त्याला हात लावायला गेली नाही. ती कट्ट्यापाशी गेली. ठोकळ्यात आता तीन खड्डे रिकामे होते. किलोचा, अर्ध्या किलोचा आणि दोनशे ग्रॅमचा.

"काही सांगायला आली होतीस का?" आतून मावशीने विचारलं.

दोन किलोचं वजन अजून जागेवर होतं.