चिंचेवरचा आकाशदिवा

दिवस टेकला की प्रयागबाई तळ्याच्या बांधावर येऊन बसायची. ओच्यात चिंचोके, पुढ्यात तुपाचा रिकामा डबा. चिंचेवर दहा बगळे उतरले की एक चिंचोका डब्यात. पहिला टाकताना ‘एक’ म्हणायची नाही. खळ्यावर धान्याचं पहिलं माप घालताना म्हणतात तसं ‘लाभ’ म्हणायची. झाडाच्या पल्याड सुकेशनी मास्तरीण उभी. वाशीमच्या पक्षीमित्रांकडून ती दर हिवाळ्यात इथं मुक्कामाचे पक्षी मोजायला यायची, आणि गेल्या वर्षी तिनंच प्रयागबाईला हे काम लावून दिलं होतं.

यंदा मोजणीवर चिंचेचा जीव होता. खाली घाणीचा सडा पडतो, वास मारतो, म्हणून गावानं झाड तोडायचं ठरवलं होतं. बगळे गेल्या साली होते तेवढे दिसले तर राहू देऊ, एवढं सुकेशनीनं गावाच्या हातापाया पडून कबूल करून घेतलं होतं.

प्रयागबाईचा नवरा उकंडराव याच चिंचेखाली बसायचा. होळीनंतर तो गेला. कार्तिक लागला तसा तिनं त्याच्या नावानं आकाशदिव्याचा नेम धरला. गेलेल्या माणसाला वाट दिसावी म्हणून टांगतात तो. अंगणातल्या बांबूपेक्षा चिंच उंच. भाच्यानं दिवा शेंड्याजवळ बांधून दिला. तेलाचा असता तर वाऱ्यानं विझला असता, नेम मोडला असता, म्हणून आत विजेचा बल्ब. तो रातभर जळायचा.

रोज संध्याकाळी पांढरी रांग यायची, चिंचेवर घिरट्या घालायची आणि शेजारच्या रिठद गावाच्या अंगाला निघून जायची.

“वैनी, बगयायनं बी पार्टी बदलली वाटते,” शेजारचा दौलतसिंग म्हणाला. सगळ्यात जास्त घाण त्याच्याच पत्र्यावर पडायची.

“बदलू द्या भाऊजी. तुमच्या पत्र्यावर पडत नाई, तर बरंच झालं ना तुमचं.”

त्या दिवशी डब्यात चारच चिंचोके वाजले. सुकेशनी बांधावर येऊन बसली.

“मावशी, राग नका मानू. त्यायले झोपाले अंधार लागते.”

प्रयागबाईनं वर पाहिलं. शेंड्याशी बल्ब पिवळाधमक जळत होता.

“गेले त्यायच्यासाठी लावला वो मी. अजून कार्तिक सरला नाई.”

“मले ठाऊक आहे. तुमचा नेम. मी काय सांगू.”

ती गेली. प्रयागबाई तशीच बसून राहिली. उकंडराव संध्याकाळी चिंचेखालून जाताना बॅटरीवर तळहात धरायचा. बीडीसुद्धा पुढं जाऊन पेटवायचा. ‘निजू दे त्यायले,’ म्हणायचा. हे तिनं सारा जन्म पाहिलं होतं, आणि दिवा टांगताना एकदाही आठवलं नव्हतं.

ती घरी आली, देवापुढं हात जोडले आणि बटण बंद केलं. नेम अर्ध्यावर मोडला म्हणून उपास धरला. कोणाला सांगितलं नाही.

पण पाखरं एकदा भ्यायली ती भ्यायली. मोजणीचा दिवस आला तेव्हा मोजके बगळे उतरले. बाकीचे कुठंकुठं पांगले, ते सुकेशनीलाही सापडले नाहीत. गावातली दोन-चार माणसं बांधावर येऊन उभी होती.

“मावशी, तुमच्याकडून किती?”

ओच्यात चिंचोके भरपूर होते. अंधार पडला होता, डब्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. मूठभर टाकले असते तर चिंच वाचली असती. तिचा हात ओच्यात गेला, चिंचोक्यांवरून फिरला, आणि रिकामाच बाहेर आला.

“हे एवढेच,” तिनं डबा पुढं केला. सुकेशनीनं तो घेतला आणि मान फिरवली.

मार्गशीर्षात चिंच पडली. भाचा म्हणाला, “मावशी, आता पुढच्या साली दिवा अंगणातच लावू.”

“नको,” ती म्हणाली. “त्यायले नाई आवडत.”

त्या संध्याकाळी ती सवयीनं बांधावर गेली. एक रांग आली. चिंच होती त्या जागेवर खाली उतरली, वर उठली, पुन्हा खाली आली. प्रयागबाईनं चिंचोका उचलला होता. ‘लाभ’ म्हणायचं राहून गेलं. रांग दिसेनाशी होईतो तो तसाच मुठीत राहिला.