जोत्यावरून दहा फूट

गजेंद्र सरांना बास्केटबॉल येत नव्हता, एवढी एक गोष्ट सोडली तर त्यांच्यासारखा बास्केटबॉलचा प्रशिक्षक अख्ख्या मोताळा तालुक्यात दुसरा नव्हता. मुळात दुसरा कोणी प्रशिक्षकच नव्हता. हे वाक्य सरांचं स्वतःचं. आरशासमोर मिशीला कात्री लावताना ते स्वतःला ऐकवायचे, हसायचे आणि मग चारचौघांत जाऊन बरोबर उलटं बोलायचे.

त्या दुपारी शाळेच्या मोठ्या वर्गात पडदा लागला होता आणि गाव लोटलं होतं. परदेशात दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा चालू होत्या. महिला बास्केटबॉलचा अंतिम सामना, भारत विरुद्ध श्रीलंका, आणि भारताच्या संघात याच शाळेची मनाली. पहिल्या रांगेत तिचे वडील कचरू मिस्त्री आणि आई बेबीताई बसले होते. शेजारी मुख्याध्यापिका पुष्पांजली मॅडम, हातात माईक धरून. खाली सतरंजीवर शाळेचा सध्याचा मुलींचा संघ, त्यात पुढे आठवीतली कर्णधार सुचिता.

मनालीनं लांबून चेंडू टाकला. तो छताला भेटून यायला निघाल्यासारखा वर गेला आणि सरळ खाली रिंगमध्ये पडला. "क्या कमान है!" हिंदी समालोचक ओरडला. सगळं गाव वळून सरांकडे पाहू लागलं. सरांनी विनयानं मान खाली घातली. हा विनय त्यांनी चार वर्षं घोटला होता. मनालीची कमान ही आपली खास पद्धत आहे, असं ते लग्नांत, दहाव्यांत, एकदा तर एसटीच्या कंडक्टरलाही सांगून बसले होते.

खरी गोष्ट अशी होती. नऊ वर्षांपूर्वी शाळेला रिंग मंजूर झाली. खांब रोवायचं काम कचरू मिस्त्रींकडे होतं. ट्रॅक्टरचा धक्का लागू नये म्हणून त्यांनी खांबाभोवती फूटभर उंचीचा ओटा बांधला. सर त्या दिवशी कागदपत्रांसाठी बुलढाण्याला गेले होते. कचरूंचा फोन आला.

"सर, रिंग किती उंच लावू?"

"दहा फूट."

"जोत्यावरून ना?"

मिस्त्री लोक घराची उंची जोत्यावरून, म्हणजे पायाच्या ओट्यावरून मोजतात, जमिनीवरून नाही. सरांना हे माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणायची सरांना सवय नव्हती. "हाव हाव, जोत्यावरूनच," ते रुबाबात म्हणाले. कचरूंनी ओटा हेच जोतं धरलं आणि रिंग जमिनीपासून अकरा फुटांवर गेली.

सव्वीस जानेवारीच्या पताका बांधायला सर शिडीवर चढले, तेव्हा सहज टेप खाली सोडला आणि त्यांना घाम फुटला. तोवर भिंतीवर 'आंतरराष्ट्रीय मापाचे मैदान' असं रंगवून झालं होतं, पाहुण्यांनी फीत कापली होती आणि भाषणही सरांनीच ठोकलं होतं. रिंग उतरवायची म्हणजे वेल्डिंग कापायचं, आणि कापताना सगळ्यांनी काऊन, काऊन म्हणून विचारायचं. सरांनी टेप गुंडाळून खिशात घातला.

नववीत असताना मनाली अमरावतीला निवड चाचणीसाठी गेली. तिचा प्रत्येक चेंडू रिंगवरून निघून गेला. ती रडत परत आली, तर सर तिला म्हणाले, "तिथली रिंग ठेंगणी असंल." पुढच्या वर्षी तिची निवड झाली. उंच रिंगवर सराव केल्यानं कमान उंच झाली, म्हणजे आपली चूक ही चूक नव्हतीच, असं सरांनी मनाशी ठरवून टाकलं. राहिला प्रश्न बाकीच्या मुलींचा. त्या दरवर्षी बुलढाण्याला जात आणि पहिल्याच सामन्यात हरून येत. सर त्यांना रांगेत उभं करून जिद्द या विषयावर अर्धा तास बोलत.

भारत तीन गुणांनी जिंकला. वर्ग दणाणला, बेबीताई रडल्या, कोणीतरी पेढे आणायला मलकापूरच्या रस्त्याला गाडी पिटाळली. पुष्पांजली मॅडम उभ्या राहिल्या.

"आनंदाची बातमी. शाळेला नवीन मैदान मंजूर झालं आहे, दोन रिंग्जसह. काम कचरूभाऊच करतील. आणि मी ठरवलंय, नव्या रिंग्ज जुनीच्याच मापाने लावायच्या, एक सूतही इकडे-तिकडे नाही. त्या मापानं आपल्याला मनाली दिली! आता सर आपल्याला ते गुपित सांगतील."

माईक सरांच्या हातात आला. एका चुकीच्या रिंगच्या जागी दोन होणार होत्या आणि सतरंजीवरच्या या सगळ्या पोरी आणखी कित्येक वर्षं चुकीच्या उंचीवर घाम गाळणार होत्या. सुटायला एक वाक्य पुरेसं होतं: मिस्त्रीनं माप चुकवलं. गावानं ते लगेच मानलं असतं. मिस्त्री चुकला म्हटलं की गावाला पुरावा लागत नाही, आणि तो मिस्त्री गावाबाहेरच्या वस्तीतला कचरू असला तर मुळीच नाही. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. सरांना स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

"गुपित-बिपित काई नाही," ते म्हणाले. "रिंग अकरा फुटावर आहे. पाहिजे दहावर. मिस्त्रीनं मले विचारलं होतं, जोत्यावरून का? मले जोतं काय ते समजलं नाही, अन् मी हाव म्हनलं. मंग मोजलं तं समजलं. आठ वर्सं झाले समजून. मी गप बसलो."

कोणी हसलं नाही. सरांना हसू हवं होतं. विनोद म्हणून पार पडलं असतं तर बरं झालं असतं. कचरू सावकाश उभे राहिले.

"मलेबी माहीत होतं, सर. पोरगी अमरावतीहून रडत आली ना, त्याच रात्री जाऊन मोजलं म्या. मले वाटलं, माहीच चूक. लोक म्हनतीन, मिस्त्रीले साधं माप येत नाई. म्हनून घरामांगं सायकलच्या चाकाची रिंग केली, बरोबर दहा फुटावर. वरसभर थे तिथंच खेळली."

"अन् ते कमान?" सरांनी आशेनं विचारलं. निदान कमान तरी.

"थे होय? मधून लाइटीची तार जाते. तारेवरून टाका लागे."

आता मात्र वर्ग हसला, पोट धरून हसला. सरही हसले. चार वर्षं ज्या मोठेपणावर ते जगले, त्यात त्यांचा वाटा एका तारेएवढाही नव्हता. आपली चूकसुद्धा कामाला आली नाही, याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली.

कचरू मात्र हसत नव्हते. "माह्या पोरीचं म्या घरी नीट करून घेतलं," ते म्हणाले. "बाकीच्यायच्या पोरीचं तसंच राह्यलं. एवढं काई बरं नाई केलं म्या."

सतरंजीवरून सुचिता उठली. हसू हळूहळू थांबलं.

"सर, मंग मागच्या वर्षी बुलढान्याले आमचे सगळे बॉल वरून जात होते, ते याच्यानं?"

"हाव."

"तुमी तं म्हनले होते, आमच्यात जिद्दच नाही."

"जिद्द होती, बाई. माप चुकीचं होतं. अन् मले माहीत होतं."

सुचिता खाली बसली नाही. "वंदनानं त्याच दिवशी खेळनं सोडलं, सर. तिले वाटलं, तिच्याच हातात काई नाही."

सरांना वंदना आठवली. गेल्या वर्षीच्या रांगेत शेवटी उभी होती, आणि भाषण संपेपर्यंत स्वतःच्या तळहातांकडे पाहत होती. तेव्हा तिचं लक्ष नाही म्हणून ते तिच्यावर आणखी ओरडले होते.

त्यांनी माईक टेबलावर ठेवला आणि दाराशी जाऊन पन्नास जोड्यांतून आपल्या चपला शोधू लागले.

"चाल," ते सुचिताला म्हणाले. "मले तिचं घर दाखव."